समुद्राला द्यायच्या साडेतीन घटिका

अप्पा, मी समुद्र ओलांडून परत आलो त्याला आता सात महिने होत आले. तुमच्यासमोर उभे राहून हे वाक्य बोलण्याची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली, तरी ते लिहिताना मी एकदा उठून परसात जाऊन आलो. गेलो होतो कामासाठी. येथल्या पितळी भांड्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्यांचे मलाया देशात इपोह नावाच्या गावी दुकान आहे, त्या दुकानात पुरुषभर उंचीचे लंबकाचे घड्याळ आहे, आणि ते दर पाव तासाला वाजण्याऐवजी मनाला येईल तेव्हा वाजू लागले होते. त्याचे जुळे भावंड येथे कुंभकोणम्‌ला त्यांच्या राहत्या घरी आहे. ते मी तीनदा उघडून मिटले आहे. तेथल्या दोन कारागिरांनी हात टेकले तेव्हा व्यापारी म्हणाले, "तुम्हीच जा." घड्याळाचे काम मला कोणी शिकवले नाही. मी ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जुळवून शिकलो. त्यासाठी शाळा सोडली तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आता जहाजाचे भाडे देऊन मला परदेशी बोलावतात, हे तुम्हाला सांगायचे होते. सांगितले.

पण त्यासाठी एवढा कागद घेतलेला नाही. तुमच्या तिथीचे एक प्रकरण आहे. ते सांगायचे तर आधी अंगणापासून सांगावे लागेल. आळीतल्या मराठी घरांत श्राद्ध असो, मुंज असो, दिवस तुम्ही सांगायचा. बाहेर सगळे तमिळ बोलणार, दुकानात तमिळ, कचेरीत तमिळ, पण तिथी विचारायला आपल्या पडवीत आले की सगळ्यांच्या तोंडी मराठी. मी चौदा वर्षांचा आहे. शेजाऱ्यांचे बंद पडलेले घड्याळ मी चालू केले आहे, स्टेशनच्या वेळेला लावून अंगणातल्या खांबाला टांगले आहे, आणि कोणी काही म्हणते का याची वाट पाहत उभा आहे. तुम्ही जमिनीत शंकू रोवून त्याची सावली पाहता आहात. सावली सर्वांत आखूड झाली तशी तुम्ही मान वर केलीत.

"बारा मिनिटे पुढे आहे तुझे."

"स्टेशनशी जुळवले आहे, अप्पा. आता सगळ्या देशात तीच वेळ."

"सूर्य स्टेशनात उगवतो काय रे?"

पडवीतली माणसे हसली. मला वाटले, तुम्हाला घड्याळातले काही कळत नाही. तुम्हाला वाटले असेल, मला सूर्यातले काही कळत नाही. त्या दिवसापासून मी तुमच्या मागे उभा राहून, तुमच्या नकळत, पंचांग शिकलो. घटिका, पळे, तिथी केव्हा लागते, अपराह्ण कोठून कोठपर्यंत, सगळे. तुम्ही गेल्यावर आळीतली माणसे माझ्याकडे विचारायला येऊ लागली आणि आजवर मी एकही दिवस चुकीचा सांगितलेला नाही. येथे.

निघायच्या आधी हिने पंचांग काढून माझ्यापुढे टाकले. "मामंजींची तिथी तुम्ही तिकडे असताना येते आहे. फाल्गुन वद्य षष्ठी. एकुलते एक आहात. दुसरा कोण करणार?" मी म्हटले, तेथे करीन, सूर्य तेथेही उगवतो. तिने नव्या फडक्यात कावेरीकाठचा तांदूळ बांधला, काळ्या तिळांची पुडी बांधली, दर्भाची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळली. मी पंचांगातली ती दोन पाने जशीच्या तशी उतरून घेतली. त्यात लिहिले होते: पंचमी एकवीस घटिका. म्हणजे सूर्योदयापासून एकवीस घटिका झाल्या की पंचमी संपून षष्ठी लागते. श्राद्धाला तिथी अपराह्णात हवी, म्हणजे अठरा ते चोवीस घटिकांच्या आत. एकवीसला लागली तर त्या दिवशी मिळते तीन घटिका, दुसऱ्या दिवशी जेमतेम दीड. तेव्हा पहिलाच दिवस. हे मी तुम्हाला सांगावे असे नाही, पण मांडून लिहिल्याशिवाय माझी चूक मलाच सरळ दिसत नाही.

नागपट्टणम्‌हून जहाजात चढलो. पाच दिवस समुद्र कसा दिसतो ते मला विचारू नका. मी खाली पडून होतो, डोळे मिटून, लिंबू हुंगत. वर घंटा वाजे, कोणीतरी काहीतरी ओरडे, शेजारी म्हणे घड्याळ पुढे करा, मी म्हणे उद्या. घड्याळजी असून मी पिनांगला उतरलो तो खिशात कुंभकोणम्‌ची वेळ घेऊन. बंदरावरच्या भिंतीवर दोन तासांचा फरक दिसला तेव्हा तेथेच उभा राहून काटे फिरवले, आणि मनात म्हटले, झाले, आपण आता या देशाचे.

पिनांग! पहिल्या सकाळी साडेसहाला उठलो तर बाहेर काळोख, आणि त्या काळोखात मुले दप्तरे घेऊन शाळेत निघालेली, भाजीवाल्या चिनी बायका कंदील लावून बसलेल्या. मी घड्याळ कानाला लावून पाहिले. घड्याळ बरोबर होते. त्या देशाने सूर्याला न विचारता वेळ पुढे ओढून ठेवली आहे, त्यामुळे मध्यान्ह पाऊण-एक वाजता येते. तुम्ही हसला असता. दुकानांपुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छपराखालून जाणारी सलग पडवी आहे, सुमारे पाच फूट रुंद, एका दुकानाची संपली की दुसऱ्याची सुरू. मैलभर चाललो पण डोक्यावर ऊन पडले नाही. मात्र प्रत्येक दुकानाने आपली फरशी आपल्या मनाने घातलेली, म्हणून पाऊल सारखे वर-खाली. एका पडवीत सुतार शवपेट्यांना रंधा मारत होता आणि त्याच्याच शेजारी न्हावी ग्राहकाचे कान कोरत होता. दोघे एकमेकांशी बोलत हसत होते. मला वाटले, काय बरे बोलत असतील? चिनी भाषेत कान कोरताना काय बोलतात? कॉफी मागितली तर दुकानदाराने ती दुधाच्या रिकाम्या डब्यात ओतली, डब्याला दोरीचा फास लावला आणि तो फास माझ्या बोटात अडकवला, जणू मी बादली घेऊन विहिरीवर चाललो आहे. दूध डब्यातले, घट्ट, साखरेने चिकट. आपल्या कॉफीशी तिचे नाते नावापुरते. तरी ती मी संपवली, आणि डबा धुऊन ठेवला. अजून माझ्या बारीक स्क्रू ठेवायच्या कामी येतो.

पिनांगहून नावेने पैलतीरी आणि तेथून बसने इपोह. त्या दिवसांत तेथे जंगलात बंडखोर होते, आणि त्यांना अन्न पोचू नये म्हणून रस्त्यावर पहारे बसवलेले, कोणी तांदूळ घेऊन जायचा नाही. मला हे कोणी सांगितले नव्हते. एका फाट्यावर बस थांबवून एका मलायी पोलिसाने माझी पिशवी उघडली. दर्भ पाहिला, नाकाला लावला, परत ठेवला. मग फडके सोडले. शेजारी रबराच्या मळ्यावर काम करणारा एक तमिळ गृहस्थ होता, त्याने मध्ये पडून मलायी भाषेत सांगितले की हे ह्यांच्या वडिलांसाठी आहे.

पोलिसाने विचारले, "वडील कुठे राहतात?"

"वारले."

"मग तांदूळ कोण खाणार?"

तो गृहस्थ माझ्याकडे वळला. "काय सांगू याला?"

"सांगा, कावळे."

त्याने सांगितले. पोलीस इतका हसला की त्याने टोपी काढली. तांदूळ त्याने ठेवून घेतला, नियम नियम. पण तिळाची पुडी आणि दर्भ दोन्ही हातांनी परत दिले. हसला तो मला लागला नाही, अप्पा. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारले असते.

इपोह पांढऱ्या डोंगरांच्या मध्ये बसले आहे. डोंगर चुनखडीचे, सरळ उभे, जणू कोणी मैदानात दात रोवले आहेत. कथिलाच्या खाणींमुळे श्रीमंत झालेले गाव, नदीच्या एका अंगाला साहेबांच्या कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला चिनी पेठ. स्टेशन एवढे मोठे पांढरे की मी आधी ते राजवाडा समजलो. दुकानामागच्या घरात माझी सोय होती आणि तेथे स्वयंपाक करायला एक म्हातारे होते, पापनाशम्‌चे, म्हणजे आपल्याकडून तंजावरच्या वाटेवरचे पहिलेच मोठे गाव. चाळीस वर्षांपूर्वी आलेले, पुन्हा गेले नाहीत. मी त्यांना मामा म्हणे. ते मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पांढरे होत चालले आहेत हे त्यांच्या लेखी काहीच नव्हते. त्यांना अक्षर फारसे येत नसे, पण तेथल्या देवळाशेजारच्या घरांतली श्राद्धे त्यांच्याच स्वयंपाकावर होत. घड्याळ मी दोन दिवसांत उघडून पसरले होते: ठोक्याच्या चाकाचा एक दात झिजलेला, आणि आधीच्या कारागिराने तो दिसू नये म्हणून त्यावर मेण लावलेले. मी दात नवा बसवला. मामा रोज संध्याकाळी येऊन उभे राहत आणि विचारत, "आज काय सापडले?" असा प्रश्न मला येथे कोणी विचारत नाही.

तिथीच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटले, "उद्या माझ्या वडिलांचे आहे. तांदूळ तुमच्याकडून घ्यावा लागेल."

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले. "उद्या नाही, तंबी. परवा."

"पंचांगात उद्या आहे. मी स्वतः उतरून आणले आहे."

"पंचांगात उद्या. इथे परवा. समुद्राला साडेतीन नाळिगै द्याव्या लागतात."

नाळिगै म्हणजे आपली घटिका, तुम्हाला माहीत आहे. मी विचारले, समुद्राला कशाबद्दल?

"कशाबद्दल ते मला ठाऊक नाही. मला ज्यांनी शिकवले ते म्हणाले, गावच्या पंचांगात साडेतीन मिळव, मग बघ दुपारी तिथी आहे का."

"समुद्राने काय नाका बसवलाय, मामा? येणाऱ्या-जाणाऱ्याकडून घटिका वसूल करायला?"

दुकानातली माणसे खदखदून हसली. मी आणखी बोललो. मी म्हटले की घटिका सूर्योदयापासून मोजतात, सूर्योदय येथेही होतो, मी तो डोळ्यांनी पाहीन आणि एकवीस मोजीन. ज्याचे कारण सांगता येत नाही ते मी करत नाही. म्हणालो, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे. अप्पा, मी तुमचे नाव काढले. त्यांच्या तोंडावर, त्या सगळ्यांसमोर.

मामा म्हणाले, "बरं. मग उद्याच करा. स्वयंपाक मी करतो." एवढेच. आवाज चढला नाही की पडला नाही.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराच्या कडेला जाऊन उभा राहिलो. सूर्य वर आला तेव्हा घड्याळ पाहिले, सातला आठ मिनिटे कमी. तेथून एकवीस घटिका म्हणजे आठ तास चोवीस मिनिटे. अंगणात शंकू रोवला, सावलीवरून ताळा पाहिला. दुपारी तीन वाजून सोळा मिनिटांनी माझ्या हिशेबाने षष्ठी लागली. मी आणखी चार मिनिटे थांबलो, तुम्ही थांबत असा तसा. देवळातले दोघे जेवायला आले होते, उद्या की परवा हा वाद त्यांच्या कानांवर गेला होता, पण ते म्हणाले, "जेवणारे आम्ही, तिथी तुमची." मंत्र मीच म्हटले. पिंड सयामच्या तांदळाचे, जरा चिकट होते, हातापासून सुटेनात. साडेचारच्या आत सगळे आटोपले. मामांनी केलेला स्वयंपाक मला दोष काढता येईल असा नव्हता. मी शोधला होता.

दुसऱ्या दिवशी मोकळा होतो. गावाबाहेर डोंगराच्या पोटात गुहा आहेत आणि गुहांत चिनी देवळे. आत थंड, वरून पाणी ठिबकते आणि ठिबकून ठिबकून दगडाचे खांब होतात, खालून वर आणि वरून खाली. एका ठिकाणी दोन टोकांत चार बोटांचे अंतर उरले होते. तेथल्या भिक्षूला मी खुणांनी विचारले, हे कधी भेटणार? त्याने दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने हसला. बाहेर एक बाई कढईत केळी तळत होती, पिठात बुडवून. मी तीन खाल्ली, उभ्याने, बोटे चाटत. दुपार होती. घरी आलो तर परसात केळीचे पान मांडलेले, त्यावर भाताचा गोळा, काळे तीळ, भोवती पाण्याची ओली रेघ. जाड चोचीचा एक कावळा उरलेले उचलत होता.

"हे कोणाचे, मामा?"

"आज षष्ठी."

"पण तुमच्या घरी कोणाची आहे?"

"असते कोणाची तरी." मग माझ्याकडे पाहून, "तंबी, बाहेर खाल्लंत काय?"

"केळ्याची भजी."

"चांगली करते ती," असे म्हणून ते आत गेले.

सामान बांधताना तिळाची पुडी हाती आली. श्राद्ध आटोपल्यावर ती मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने दोन घड्या घालून बांधली होती, दोऱ्याचे टोक आत. आता पुडीला तीन घड्या आणि टोक बाहेर होते, आणि तीळ थोडे कमी. मला वाटले मुंग्या झाल्या असतील आणि कोणी पुडी झटकली असेल. मी तिला पुन्हा दोन घड्या घातल्या.

पुढे आठ-दहा दिवस मी एकटा हिंडलो, व्यापाऱ्यांच्या परवानगीने. क्वालालंपूरला दोन गढूळ नद्या एकमेकींना मिळतात, आणि त्या संगमावर मशीद आहे. आपण तेथे नक्की घाट बांधला असता. स्टेशनवर इतके घुमट आणि मिनार की गाडीत बसायचे की नमाज पढायचा असा प्रश्न पडावा. त्या स्टेशनचे घड्याळ आणि समोरच्या मैदानाकाठच्या मनोऱ्याचे घड्याळ यांत चार मिनिटांचा फरक होता. मी दोन्हींमध्ये तीनदा चालून खात्री केली. स्टेशनवाल्याला सांगितले तर तो शीख निघाला, म्हणाला, "मनोरा साहेबांचा, गाडी माझी." सिंगापूरला नदीत नावा इतक्या दाटलेल्या की पाणी पाहायचे तर वाकावे लागते, आणि हमाल पोती घेऊन हातभर रुंद फळीवरून धावतात, चालत नाहीत, चालले तर पडतील. आपल्या लोकांच्या पेठेत मोगऱ्याचे गजरे मोजून विकतात. तेथे मी मुद्दाम भर दुपारी रस्त्याच्या कडेला काठी उभी केली. विषुववृत्त जवळ, दिवस चैत्राच्या तोंडाचे. सावली काठीच्या बुडाशी गोळा झाली आणि नाहीशी झाली. माणसे जमली. एका चिनी दुकानदाराने वाकून काठीच्या चारी बाजूंना पाहिले, सावली कोठे गेली म्हणून, आणि मग आपल्या बायकोला बोलावून आणले. मी त्या सगळ्यांना सांगू पाहत होतो, माझ्या तोंडून मराठी निघत होते. महिनाभरात मराठी बोललो ते तेव्हा, ज्यांना एक अक्षर कळत नव्हते त्यांच्याशी. त्यांनी माना डोलावल्या. मला इतका आनंद झाला होता की तुम्हाला तो शंकू दाखवावा असे वाटले.

परतीच्या जहाजात मला समुद्र लागला नाही. मी पहाटे वर जाऊन बसे. खिशातले घड्याळ या वेळी मुद्दाम मलायाच्या वेळेवरच ठेवले होते, जहाज रोज घंटा वाजवून काटे मागे घेते ते कितपत बरोबर घेते हे पाहायला. पिनांग सोडल्यावर पहिल्या पहाटेचा सूर्योदय टिपून ठेवला. दुसऱ्या पहाटे सतरा मिनिटे उशिरा. तिसऱ्या पहाटे आणखी अठरा. मी वहीत तिसरा आकडा लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून बसलो. सूर्य उशिरा येत नव्हता, मी त्याच्यापासून दूर चाललो होतो. कुंभकोणम्‌ला पोचेपर्यंत हा फरक सत्त्याऐंशी मिनिटांचा होणार होता. चोवीस मिनिटांची घटिका. साडेतीन घटिका, आणि वर तीन मिनिटे.

पंचांगातल्या एकवीस घटिका आपल्या अंगणातल्या सूर्योदयापासूनच्या होत्या. चंद्र माझ्यासाठी थांबणार नव्हता. तो कुंभकोणम्‌च्या एकवीस घटिकांना षष्ठीत शिरला, म्हणजे इपोहच्या साडेचोवीस घटिकांना, म्हणजे तेथल्या घड्याळात पावणेपाचला. मी साडेचारला हात धुऊन मोकळा झालो होतो. सूर्य स्टेशनात उगवत नाही, हे मला चौदाव्या वर्षी सांगितलेले. आणि कुंभकोणम्‌चा सूर्य इपोहला उगवत नाही, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका स्वयंपाक्याने सांगितले तर मी त्याला नाक्यावरचा कारकून ठरवले. तुमचे श्राद्ध मी पंचमीला केले, अप्पा. षष्ठीला, ऐन अपराह्णात, मी रस्त्यावर केळ्याची भजी खात होतो. आणि परसात पान होते.

मग पुडीची तिसरी घडी आठवली. माझे तीळ. येथून नेलेले.

घरी आलो तेव्हा हिने पहिल्यांदा विचारले ते तेच. "मामंजींचे नीट झाले?" मी म्हटले, "मिनिटावर." खोटे नव्हे, मिनिटावरच झाले होते. तीन महिन्यांनी तिला खरे सांगितले. तिने भाजी चिरणे थांबवले नाही.

"मग त्या आजोबांना दोन ओळी लिहा की."

"काय लिहू?"

"तुमचं बरोबर होतं. तीन शब्द आहेत, मोजून पाहा."

"वाचायला कोणाकडे तरी द्यावे लागेल त्यांना. दुकानात मोठ्याने वाचतील."

"तुम्ही तरी कुठे हळू बोलला होतात?"

पाकिटावर त्यांचा पत्ता तमिळमध्ये, वळणदार अक्षरात, त्याच दिवशी घातला. तिकीटही लावून ठेवले आहे. आतल्या पत्राला मी आतापर्यंत तीनदा बसलो. प्रत्येक वेळी त्यात रेखांश येतात, सूर्योदय येतो, चंद्राची गती येते, साडेतीन नव्हे तर साडेतीन आणि तीन मिनिटे हे येते, दीड पान होते. आणि वाचून पाहिले की दिसते, जे त्यांना चाळीस वर्षे येत आहे ते मीच त्यांना शिकवायला बसलो आहे. ते पान कोणासाठी मांडले होते एवढेच विचारायचे आहे, पण ते विचारायचे तर आधी ते तीन शब्द लिहावे लागतात. आज चौथ्यांदा बसलो तो हातून "अप्पा" लिहिले गेले आणि मी तसाच पुढे गेलो. तुम्हाला लिहिणे सोपे पडते. तुम्ही हे कोणाकडून मोठ्याने वाचून घेणार नाही.

हे सगळे लिहूनही ते तीन शब्द माझे म्हणून मी कोठे लिहिलेले नाहीत. वर आहेत ते हिचे आहेत.